रविवारी खोटी ठरणारी पाटी

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो, आणि तुम्ही आत्ता माझ्याकडे ज्या नजरेने बघताय ती नजर मी चांगली ओळखते. संशयाची नजर. न्यूयॉर्कच्या रेल्वेत मी आयुष्य काढलं, आणि तिथे माझ्याकडे कुणी दुसऱ्या नजरेने कधी बघितलंच नाही. लोक आधी मला वाचत, मग गार्डला विचारत, मग शेजारच्याला विचारत. तिघांचं उत्तर एकच आलं, तर त्यांचा संशय आणखीच वाढे.

मी लाकडाची नाही, पत्र्याचीही नाही. मी कापडाची. काळ्या जाड कापडाचा लांबलचक पट्टा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत गावातल्या जवळजवळ सगळ्या मार्गांची नावं. ज्या कारखान्यात मला छापलं, तिथला कारागीर अक्षरं वाळताना माझ्यावर पंख्याने वारा घालत असे आणि म्हणत असे, "हिने सांगितलं की माणसांनी ऐकायचं." बिचारा. त्याने स्वतः कधी गाडीत पाऊल टाकलं नसावं.

मला डब्याच्या खिडकीवर एका पेटीत बसवलं. दोन दांड्या, एकीवरून सुटायचं, दुसरीवर गुंडाळायचं. पेटीला दोन काचा होत्या, एक फलाटाकडे, एक डब्याच्या आत. त्यामुळे मला दोन्हीकडची माणसं दिसत आणि दोन्हीकडच्या शिव्या ऐकू येत. गार्ड मूठ फिरवी आणि मी बोलत असे. म्हणजे बोलणं त्याचं, तोंड माझं. हे लक्षात ठेवा, कारण लोक हेच विसरतात.

आमच्या मार्गावर चार रूळ होते. बाहेरच्या दोन रुळांवरून धावणारी गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबे. आतल्या दोन रुळांवरून आम्ही, एक्स्प्रेस. लहान स्टेशनं आमच्या खिडकीतून नुसती भुरकन जात. तिथे उभी असलेली माणसं आमच्याकडे तोंड वाकडं करून बघत आणि आमच्यातली माणसं त्यांच्याकडे बघतच नसत. सोमवार ते शुक्रवार असा आमचा थाट.

पण रात्र झाली की आमचा हुद्दा जाई. शनिवार-रविवारी तर दिवसाढवळ्या जाई. त्याच गाडीने बाहेरच्या रुळावर यायचं आणि प्रत्येक टिनपाट स्टेशनावर दारं उघडायची. माझ्यावरचं अक्षर तेच, रंग तोच, फक्त खाली गार्डने 'सर्व थांबे' असं फिरवायचं. तेही प्रत्येक रविवारी सारखं असेल तर शपथ. कधी बाहेरचा रूळ खणलेला असे, म्हणून जाताना एक्स्प्रेस आणि येताना सर्व थांबे. कधी त्याच्या उलट. लाऊडस्पीकरवर कुणीतरी तोंडात भाताचा घास धरून सगळं समजावून सांगे.

आमच्या फलाटावरच्या एका लंगड्या कबूतराला मात्र सगळं कळे. मित्रांनो, मी थापा मारत नाही. ते रविवारी माझ्यासमोर येऊन मान वाकडी करी, 'सर्व थांबे' दिसलं तर चढे आणि चौथ्या स्टेशनावर बेकरीपाशी उतरे. 'एक्स्प्रेस' असेल तर चढत नसे. एका रविवारी मी 'सर्व थांबे' म्हणत होते तरी ते चढलं नाही, आणि गाडी खरोखरच न थांबता बेकरीवरून पुढे गेली. गार्डची चूक होती. त्या दिवसापासून माझाही माझ्यावर संशय आहे.

आता मुख्य गोष्ट सांगते.

ब्रुकलिनमध्ये आमच्या गाडीत आयान्थी होल्डर आणि तिची शेजारीण डॉर्कस रोज सकाळी चढत. दोघी बार्बाडोसच्या, दोघी इस्पितळात कामाला. त्या नेहमी शेवटच्या डब्यात, माझ्याच खाली बसत, कारण उतरल्यावर इस्पितळाचा जिना नेमका शेवटच्या डब्यासमोर येई. या शहरातला माणूस देव बदलेल, पण डबा बदलणार नाही. म्हणून मला त्यांच्या घरातलं सगळं ठाऊक. ऐकायचं नाही म्हटलं तरी कान कुठे झाकणार, मला कानच नाहीत.

आयान्थीचा नवरा एव्हर्टन निवृत्त दरवान. मॅनहॅटनमधल्या एका उंच इमारतीच्या दारात त्याने हयात घालवली होती. कोपऱ्यावर वळलेला भाडेकरू तो तिथूनच ओळखे आणि तो दाराशी येईपर्यंत हातात त्याचं पार्सल तयार ठेवी. दर रविवारी तो थोरल्या भावाकडे डॉमिनो खेळायला जाई, सोबत आयान्थीने भाजलेला मॅकरोनी पाय, म्हणजे त्यांच्याकडचा चीज-मॅकरोनीचा थापा, घेऊन. भाऊ समुद्राच्या बाजूला राहायचा. आमच्या गाडीने चौथा थांबा.

"काल पण उशिरा आला," आयान्थी एका सोमवारी म्हणाली.

"मी काही म्हणत नाही हं," डॉर्कस म्हणाली. "मी फक्त विचारते. एक्स्प्रेसने गेला होता ना?"

"एक्स्प्रेसनेच. म्हणतो गाडी रखडली."

"आपण रोज येतो या गाडीने. कधी रखडली?"

आयान्थीला रविवारी चर्च असे, दुपारी स्वयंपाक असे. रविवारची आमची गाडी तिने कित्येक वर्षांत बघितली नव्हती. तिच्या लेखी एक्स्प्रेस म्हणजे एक्स्प्रेस. मी वरून ओरडत होते, अगं बाई, रविवारी आमचं पितळ उघडं पडतं गं. पण मूठ गार्डच्या हातात.

पुढच्या सोमवारी भानगड वाढली.

"त्याच्या भावाचा फोन आला होता," आयान्थी म्हणाली. "एव्हर्टन निघाला का म्हणून विचारत होता. अगं, तो निघून किती वेळ झाला होता. आणि घरी आल्यावर साहेब म्हणतात, ट्रेनमध्ये बसलो होतो."

"ट्रेनमध्ये. बरं," डॉर्कस म्हणाली. तिचं ते 'बरं' ऐकून समोरच्या बाकावरच्या माणसाने पेपर खाली केला.

"आणि रुमाल."

"काय रुमाल?"

"पांढरा रुमाल देते मी त्याला इस्त्री करून. परत येतो तो काळा. सगळा नाही, मधेच. बोटांनी घासल्यासारखा."

डॉर्कसने पर्समधली काजळाची पेन्सिल काढली, तळहातावर एक रेघ मारली, अंगठ्याने पुसली आणि तळहात आयान्थीच्या नाकासमोर धरला. "असा?"

आयान्थीने पाहिलं आणि खिडकीबाहेर तोंड केलं. "असाच."

मित्रांनो, तेव्हा मला हसू आलं, कारण त्या रुमालाचं रहस्य मला ठाऊक होतं. पण पुढे जे ऐकलं त्याने हसू गेलं. या नवरा-बायकोने बार्बाडोसला, आयान्थीच्या आईच्या जमिनीवर, घर बांधलं होतं. वर्षानुवर्षं थोडं थोडं, आधी भिंती, मग छप्पर, मग खिडक्या. वर्षाअखेर दोघं कायमची परत जाणार होती. आयान्थी आता डॉर्कसला सांगत होती, की मी एकटीच जाणार. ट्रंक भरायला घेतलीय. त्याला म्हणावं, जिच्याकडे रविवारी जातोस तिच्याकडेच सोमवारी पण राहा.

"आधी डोळ्यांनी बघ तरी," डॉर्कस म्हणाली. "माझा कोट घे. गॉगल पण घे."

आता रुमालाचं सांगते. एव्हर्टन दर रविवारी गाडीत चढला, की माझ्या पेटीपुढे उभा राही. डोळे बारीक करून बघे. मग खिशातून रुमाल काढी, काचेवर हाऽ करून वाफ सोडी आणि पुसू लागे. रेल्वेची काच, तिच्यावर रुळांवरची सगळी काजळी. रुमाल काळा होई. तो पुन्हा बघे, पुन्हा पुसे, आणि पुटपुटे, "शहर घाण झालंय. आमच्या दारात अशी काच असती तर मी एक तास टिकू दिली नसती." मग मान हलवून बसे आणि बोटांवर थांबे मोजू लागे. एक, दोन, तीन, चार. आणि चौथ्यावर उतरून जाई.

पण रविवार ना. सर्व थांब्यांच्या रविवारी चौथा थांबा म्हणजे बेकरीचं टिनपाट स्टेशन. तो तिथे उतरे. एखाद्या रविवारी गाडी अर्ध्या वाटेपर्यंत बाहेरच्या रुळावर आणि पुढे आतल्या, की तिसऱ्याच ठिकाणी उतरे. मग उलटी गाडी, मग पुन्हा सुलटी. कुणाला विचारायचं नाही. या शहरात माणूस भरल्या बाजारात चोरी कबूल करेल, पण स्वतःच्या लाइनवर चुकलो हे बायकोलाही सांगणार नाही. आणि हा तर दरवान. लोकांना वाट दाखवण्यात जन्म गेलेला.

माझाही त्याच्यावर संशय होताच. मला वाटे, हा इसम रेल्वेचा गुप्त तपासनीस आहे आणि माझी काच मळकी ठेवल्याबद्दल कुणाला तरी दंड करणार आहे.

मग तो रविवार आला. हवेत गारठा होता. आमच्या डब्यात चर्चची टोपी घातलेली, अंगापेक्षा मोठा कोट घातलेली, काळा गॉगल लावलेली एक बाई आधीच्या स्टेशनावरून चढली आणि पार कोपऱ्यात पेपर उघडून बसली. पेपर उलटा होता. ही नक्की तिकीट चुकवून आली आहे, असं मी मनात म्हटलं. मग तिच्या हातातली पर्स ओळखीची वाटली. आयान्थी.

पुढच्या स्टेशनावर एव्हर्टन चढला, हातात चांदीच्या कागदात गुंडाळलेला मॅकरोनी पाय. माझ्यासमोर आला. हाऽ केलं. पुसलं. पेपराच्या वरून दोन काळ्या काचा त्याच्यावर रोखलेल्या. त्याने रुमाल घडी करून खिशात घातला तेव्हा पेपर हळूहळू खाली आला.

"ही एक्स्प्रेसच ना?" त्याने उगाच, स्वतःशी बोलल्यासारखं म्हटलं.

तेवढं पुरलं. सगळा डबा जागा झाला.

"एक्स्प्रेस? रविवारी? आजोबा, स्वप्नात आहात का," सायकल घेऊन उभा असलेला एक पोरगा म्हणाला.

"आज एक्स्प्रेसच आहे," एक जाड बाई म्हणाली. "माझी बहीण मघाशी गेली."

"तुमची बहीण कुठल्या बाजूला गेली?"

"कुठल्या म्हणजे? गेली ती गेली."

"वर लिहिलंय की 'सर्व थांबे'."

"वर काहीही लिहितात," जाड बाई म्हणाली, आणि सगळ्या डब्याने एकदम माझ्याकडे बघितलं. तीच नजर.

एव्हर्टन हसला, मान डोलावली, बसला आणि बोटं उघडली. एक. दोन. तीन. गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबत होती, आणि आयान्थी प्रत्येक स्टेशनावर दचकत होती. तिच्या रोजच्या गाडीने ही स्टेशनं कधी तिला नीट दाखवलीच नव्हती. चौथ्यावर एव्हर्टन उठला आणि उतरला. मागोमाग ती उतरली. नेमकं तेव्हाच पुढे रूळ खणण्याचं काम निघालं, आणि लगेच लाऊडस्पीकर गुरगुरला. आमची गाडी दारं उघडी टाकून तिथेच उभी राहिली. म्हणून पुढचं मी फलाटाकडच्या काचेतून, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. डोळे नाहीत मला, पण पाहिलं.

फलाटावर कुणी बाई नव्हती. बेकरीचा वास होता आणि तेच लंगडं कबूतर होतं.

एव्हर्टन एका खांबापाशी गेला. खांबावर स्टेशनाच्या नावाची पाटी होती, नवी, आदल्याच आठवड्यात लावलेली, चकचकीत. तिला त्याने जवळजवळ नाक लावलं. मग रुमाल काढला आणि ती पाटी पुसायला लागला. आयान्थी त्याच्यापासून हातभर अंतरावर येऊन उभी राहिली. गेले कित्येक सोमवार ती जे म्हणणार होती ते सगळं तिच्या ओठांवर होतं. मला दिसत होतं.

तो वळला. समोर एक बाई आहे एवढं त्याला कळलं. त्याने दरवानाचं ते मोठं, जुनं, अदबीचं हसू हसून टोपी किंचित उचलली.

"माफ करा हं, मॅडम. ही पाटी इतकी मळलीय की वाचवत नाही. जरा सांगता का, हे कुठलं स्टेशन?"

आयान्थीने गॉगल काढला. तो तसाच हसत उभा होता, अनोळखी बाईकडे बघून हसावं तसा.

तिने पाटीकडे पाहिलं. त्याच्या हातातल्या रुमालाकडे पाहिलं.

"चुकीचं," ती शेवटी म्हणाली.

"काय म्हणालात?"

"चुकीचं स्टेशन आहे, एव्हर्टन."

त्याची टोपी हातातच राहिली. "आयान्थी? तू इथे काय करतेस?"

"तुझ्यामागे आले."

"का?"

"तुझी बाई बघायला."

त्याने गोंधळून इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "कुठली बाई?"

"मला तर कुणी दिसली नाही अजून."

"मला पण नाही," तो म्हणाला. आणि मग, खूप हळू, "मला काहीच दिसत नाही गं."

गाडी अजून उभी होती. आयान्थीने त्याच्या दंडाला धरून त्याला आत आणलं आणि माझ्या खाली बसवलं. मॅकरोनी पाय स्वतःच्या मांडीवर घेतला.

"वर काय लिहिलंय?" तिने विचारलं.

"एक्स्प्रेस."

"नीट बघ."

"काच मळलीय."

"काच तू आत्ता पुसलीस. मी बघत होते."

तिने त्याच्या हातातून रुमाल घेतला, त्यावरचा काळा डाग उलटसुलट करून पाहिला, नाकाला लावला. काजळाचा वास नव्हता. लोखंडाचा आणि धुळीचा होता.

"किती दिवस?" ती म्हणाली.

"मला वाटलं शहर घाण झालंय."

"मला सांगायचंस."

"काय सांगू? एव्हर्टन होल्डर आपल्याच लाइनवर हरवतो?" तो म्हणाला. "तू काय म्हणाली असतीस?"

"हसले असते."

"तेच."

"हसले असते आणि डॉक्टरकडे नेलं असतं. त्याऐवजी मी तुझे शर्ट ट्रंकेतून काढून ठेवलेत."

"कसले शर्ट? कुठली ट्रंक?"

"घरी गेल्यावर सांगते. आता उतरू नकोस. तुझ्या भावाचं स्टेशन आलं की मी सांगेन." आणि गाडी सुटल्यावर प्रत्येक स्टेशनावर ती त्याला सांगत राहिली: हे नाही. हे पण नाही. सायकलवाला पोरगाही सांगू लागला. जाड बाई म्हणाली, ही एक्स्प्रेस आहे, पण तिचं कुणी ऐकलं नाही.

मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. इस्पितळात आयान्थीच्याच मजल्यावर आधी एक काढला, मग दुसरा. हे मला डॉर्कसकडून कळलं. ती आता सोमवारी गप्प बसे आणि चुकूनही कुणाला काही 'विचारत' नसे.

मग एका रविवारी दोघं एकत्र चढली, मोठी ट्रंक घेऊन. विमानतळाकडे निघाली होती, बार्बाडोसला, कायमची. एव्हर्टन माझ्यासमोर उभा राहिला. रुमालाला त्याने हातही लावला नाही. डोळे बारीक न करता मला वरपासून खालपर्यंत वाचलं, मोठ्याने. मग वळून बायकोकडे बघत राहिला.

"तू कधी म्हातारी झालीस?"

"तू काच पुसत होतास तेव्हा," आयान्थी म्हणाली.

गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबत होती आणि तो प्रत्येक स्टेशनाचं नाव सगळ्या डब्याला वाचून दाखवत होता.

"आम्हाला दिसतंय, एव्हर्टन."

"दिसतंय म्हणूनच तुम्ही वाचत नाही," तो म्हणाला, आणि पुढचं नाव वाचलं.

त्यानंतर माझी काच कुणी पुसली नाही, मित्रांनो. त्याचे डोळे स्वच्छ झाले आणि मी मळत गेले. काजळीचा थर चढला, 'सर्व थांबे' मधला 'सर्व' दिसेनासा झाला, लोकांचा संशय आणखी वाढला आणि काही वर्षांनी दिव्यांच्या अक्षरांची नवी गाडी आली. मला पेटीतून उपसून काढलं. आता मी एका कॉफीच्या दुकानाच्या भिंतीवर चौकटीत अडकवलेली आहे. इथे लोक माझ्यासमोर उभे राहून फोटो काढतात आणि माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात, कारण इथून कुणालाच कुठे जायचं नाही.

म्हणून तुम्हाला एक विनंती करते. तुमच्या घरातलं माणूस रोजच्यापेक्षा उशिरा यायला लागलं, काहीबाही सांगायला लागलं, तर त्याचा रुमाल तपासण्याआधी त्याच्याबरोबर एकदा त्याच्या गाडीत बसा. शेवटपर्यंत बसा. एक्स्प्रेसने नको. आणि वाटेत एखादी जुनी पाटी दिसली तर तिची काच पुसा. दिसत सगळं नीट असलं, तरी पुसा.